वरचा कान मागे: जुन्या एमजीच्या चाकांचे नट आणि त्यांचं क्रोम

सुरुवातीला एक आवाज ऐकवला होता, 'ठण्ण' असा, थोडा बोथट. वाचणाऱ्यांसाठी सांगतो: तांब्याच्या तोंडाचा हातोडा चाकाच्या नटावर मारल्याचा तो आवाज आहे. हो, नटावर हातोडाच मारायचा. पाना नाही, इम्पॅक्ट गन नाही. आणि ह्याच हातोड्याने मी एका रविवारी एक चाक घट्ट करतोय असं समजून सैल करून ठेवलं होतं. तिथपर्यंत येतोच.

आधी गाडी. मी मूळचा सांगलीचा, सध्या बर्मिंगहॅमजवळ राहतो हे जुन्या श्रोत्यांना माहीत आहे. इथे माझे एक काका आहेत. सख्खे नव्हेत, पण परदेशात अशी नाती लवकर होतात. सत्तरच्या दशकात डॉक्टर म्हणून इथे आले, सरकारी इस्पितळात नोकरी केली, आणि थोडे पैसे जमल्यावर घराच्या आधी गाडी घेतली. १९६६ची एमजीबी रोडस्टर. दोन सीटची, उघड्या टपाची, गडद हिरवी. एमजीबी म्हणजे काही राजेमहाराजांची गाडी नव्हे. १९६२ ते १९८० एवढ्या काळात ॲबिंग्डनच्या कारखान्यात पाच लाखांहून जास्त बनल्या. साध्या पगारदार माणसाला परवडणारी स्पोर्ट्स कार, हीच तिची ओळख.

काकांच्या गाडीला तारांची चाकं आहेत, म्हणजे सायकलसारखे आरे असलेली. आपल्या नेहमीच्या गाड्यांचं चाक चार-पाच नटांनी बसतं. इथे चाकाला मधोमध एकच मोठा नट. हबवर बाहेरून दातांसारख्या खाचा असतात, तशाच खाचा चाकाच्या आतून. चाक त्यावर सरकवायचं, वरून हा नट फिरवायचा. नटाला दोन कान असतात. त्या कानांवर हातोडा मारून तो घट्ट करायचा किंवा सोडवायचा. शर्यतीत चाक झटपट बदलता यावं म्हणून ही पद्धत रुजली. ती लोकप्रिय करणारी रज-व्हिटवर्थ ही कव्हेंट्रीची मुळात सायकलवाली कंपनी, त्यामुळे आरे आणि खाचा हे सगळं त्यांच्या हातातलंच काम.

हे कान दिसायला फार देखणे. पण रस्त्यावर चालणाऱ्या माणसाच्या दृष्टीने बाहेर आलेलं, फिरणारं धारदार लोखंड! म्हणून अमेरिकेत १९६८पासून नव्या गाड्यांवर असे कान चालेनासे झाले, आणि त्यांच्या जागी आठ कोनांचा बिनकानाचा नट आला. तो फिरवायला वेगळा पाना लागतो. त्यामुळे कानवाले मूळ नट ज्यांच्याकडे आहेत, ते जपून ठेवतात.

काकांचे चारही नट मूळचे होते, आणि चारही वाईट अवस्थेत. क्रोमचे पापुद्रे सुटलेले, खाली गंज, आणि कानांच्या कडा पोचे येऊन बोथट झालेल्या. कुणीतरी कधीतरी साधा लोखंडी हातोडा वापरला होता. 'कुणीतरी' म्हणजे काकाच, ते कबूल करतात.

मी म्हटलं, "काका, नवीन सेट मिळतो की. कशाला एवढा खटाटोप?"

"मिळतो रे. पण आधी हे आटे बघ." त्यांनी नट माझ्या हातात दिला. "साठ वर्षांचे आहेत आणि अजून हबवर कसे रेशमासारखे जातात."

हा मुद्दा नुसता भावनेचा नाही. आटे आणि आतला उतार, म्हणजे जो भाग चाकाच्या उतारावर जाऊन घट्ट बसतो, हे दोन्ही वर्षानुवर्षं एकमेकांना सरावलेले असतात. शिवाय ह्या गाड्यांमध्ये एक गोम आहे: सुरुवातीच्या रोडस्टरवर इंचाला १२ आटे असलेला नट येतो, नंतरच्या गाड्यांवर इंचाला ८. दिसायला दोन्ही जवळपास सारखे. न बघता मागवला की फसलात. पण उलट बाजूही सांगतो. आटे झिजून धारदार झाले असतील किंवा नट हबवर डुगडुगत असेल, तर तो मूळचा असला तरी त्यावर क्रोमचे पैसे घालू नका. त्याला कपाटात मांडा आणि चालवायला नवा घ्या. क्रोम झिजलेले आटे परत आणत नाही. ह्या बाबतीत मी हट्टी आहे.

आता क्रोम म्हणजे काय, ते बघू. आपल्याला वाटतं की चकचकीत वस्तूवर जाडजूड क्रोमचा थर असतो. नसतो! शोभेच्या क्रोमचा थर साधारण पाव ते अर्धा मायक्रॉन असतो. आपल्या डोक्याचा एक केस ढोबळमानाने ७० मायक्रॉन जाड. म्हणजे केसाच्या शंभराव्या भागाहून पातळ. मग चमक कुणाची? खालच्या निकेलची. निकेलचा थर २०-३० मायक्रॉन असतो, गंजापासून खरं रक्षण तोच करतो. नुसतं निकेल किंचित पिवळसर दिसतं आणि हवेत मंदावतं. त्यावर क्रोमचं पातळ पांघरूण घातलं की तो निळसर थंड झळाळ येतो आणि टिकतो. जुन्या वस्तूंवर निकेलच्याही खाली तांब्याचा थर देतात, कारण तांबं मऊ असतं, घासून एकसारखं करता येतं, आणि गंजाने पडलेले बारीक खड्डे त्यात भरून निघतात.

ह्याचा अर्थ असा, की क्रोम काहीच लपवत नाही. खाली ओरखडा असेल तर वर चकचकीत ओरखडा दिसतो. सगळी मेहनत क्रोमच्या आधीची असते: जुना थर काढणं, पोचे ठोकून-कानसून सरळ करणं, खड्डे भरणं, घासणं, पुन्हा घासणं. आणि नेमकं तिथेच आमचं काम बिघडलं.

ह्या नटांवर अक्षरं असतात. मधल्या भागावर 'अन्डू' म्हणजे 'सोडवा', शेजारी बाण, आणि नट कुठल्या बाजूचा ते. डाव्या बाजूच्या नटावर 'लेफ्ट' आणि 'निअर साइड'. इंग्लंडमध्ये गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणून डावी बाजू फुटपाथच्या जवळची. मला आधी ही अक्षरं नुसती सजावट वाटायची, ब्रँडिंगसारखी.

पहिल्यांदा आम्ही नट ज्या प्लेटिंगवाल्याकडे दिले, त्याचं नाव घेत नाही. काम दिसायला अप्रतिम केलं त्याने. आरशात बघून भांग पाडावा इतकं. फक्त बफिंगच्या चाकावर नट इतके दाबून घासले होते, की दोन नटांवरची अक्षरं जवळजवळ गायब. एकावर बाणाचं शेपूट तेवढं उरलेलं. मुळात ती उथळच असतात. आम्ही दोघेही चमक बघून इतके खूश, की ते फारसं मनाला लागलं नाही. चूक त्याची, पण "अक्षरं सांभाळा" असं मीही कुठे लिहून दिलं होतं?

मग आला तो रविवार. नट बसवले, ठोकले, गाडी काढली. चाक नव्याने बसवल्यावर थोडं अंतर गेल्यावर नट पुन्हा तपासायचा असतो, कारण सगळं आपापल्या जागी बसतं. वीसेक मैलांवर पेट्रोल पंपावर थांबलो. काका पैसे द्यायला आत गेले. मी उत्साही पुतण्या! डिकीतून हातोडा काढला आणि सगळे नट तपासायला लागलो. उजव्या मागच्या चाकाशी आलो. नटावर अक्षरं नाहीत. मग मी आपला जगातला प्रत्येक नट घट्ट करतात तसा, घड्याळाच्या दिशेने तीन ठोके दिले. नट छान हलला. मला वाटलं, बघ, सैल होता, बरं झालं तपासलं.

पंपावरून निघालो. पहिल्याच चौकात काकांनी ब्रेक लावला आणि मागून 'टक्' असा आवाज आला. पुन्हा थोडा ब्रेक, पुन्हा 'टक्'. काकांनी काही न बोलता गाडी कडेला घेतली, उतरले, वाकले, आणि तो नट हाताने फिरवून दाखवला. नुसत्या हाताने.

"कुठल्या दिशेने मारलास?"

मी दाखवलं. ते माझ्याकडे एवढंच बघत राहिले. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

तर मंडळी, हा नियम नीट लक्षात घ्या. ह्या गाड्यांच्या डाव्या बाजूच्या हबला सरळ आटे असतात आणि उजव्या बाजूच्या हबला उलटे. कारण चाक पुढे फिरताना, भार घेताना, नट आणि चाकाच्या उतारांमध्ये अगदी सूक्ष्म हालचाल होत राहते आणि ती नटाला हळूहळू सरकवू बघते. ती हालचाल नट सोडवण्याऐवजी आवळण्याच्या बाजूला जावी, म्हणून दोन बाजूंचे आटे वेगळे. सायकलच्या पेडलचं उदाहरण घ्या. डावं पेडल काढायला गेलात तर उलटं फिरवावं लागतं. कारण ह्याच जातीचं, फक्त तिथे बाजू गाडीच्या उलट आहे. म्हणजे सायकलवरून गाडीचा अंदाज बांधू नका, घोटाळा होईल. आणि 'आपोआप आवळतो' म्हणून हातोडा न मारता निघणाराही मूर्खच.

पाठ करायला सोपं असं काकांनी मला सांगितलं: "वरचा कान मागे, तर घट्ट. वरचा कान पुढे, तर सैल." गाडीच्या कुठल्याही बाजूला उभे राहा, घड्याळ विसरा. नटाचा जो कान वर आहे तो गाडीच्या मागच्या दिशेला मारायचा, की नट आवळला जातो. पुढच्या दिशेला मारला, की सुटतो. डावी-उजवी दोन्हीकडे हेच. मी उजव्या बाजूला घड्याळाच्या दिशेने मारला, म्हणजे वरचा कान पुढे. म्हणजे व्यवस्थित सोडवला.

आणि म्हणून ती अक्षरं. साठ वर्षांपूर्वी कारखान्यातल्या कुणालातरी माहीत होतं, की एक दिवस माझ्यासारखा कुणीतरी हातोडा घेऊन येणार.

दुसऱ्या वेळी आम्ही सावध होतो. बर्मिंगहॅम म्हणजे तसं मुलाम्याचं माहेरघर. विजेने चांदी-सोन्याचा मुलामा देण्याचं एल्किंग्टन बंधूंचं पेटंट १८४०चं, ते इथलंच. आजही जुन्या दागिन्यांच्या पेठेत लहान लहान वर्कशॉप आहेत. तिथे एक कोरीवकाम करणारे आजोबा भेटले. अंगठीच्या आत नावं कोरणारा माणूस, चाकाचा नट बघून हसायला लागला. उरलेल्या दोन चांगल्या नटांवरून त्याने अक्षरांचं माप घेतलं आणि पुसलेली अक्षरं पुन्हा कोरून दिली. मूळच्यापेक्षा किंचित खोल, कारण वर पुन्हा तांबं आणि निकेल चढणार होतं आणि त्यात ती बुजली असती.

पण कोरायच्या आधी जुना थर पूर्ण उतरवायला हवा. हे काम प्लेटिंगवाल्याचं. क्रोम वेगळ्या टाकीत उतरतं, निकेल वेगळ्या. इथे धातू कुठला ते आधी माहीत हवं, कारण असे नट पोलादाचेही मिळतात आणि पितळ-कांशाच्या जातीचेही. आमच्यावर लाल गंज होता, म्हणजे पोलाद, प्रश्नच मिटला. लोहचुंबकाने तपासणार असाल तर आतल्या उघड्या धातूवर लावा. बाहेरून लावलंत तर निकेलचा थर स्वतःच चुंबकाला थोडा ओढतो आणि तुम्ही पितळेला पोलाद समजाल. मी समजलो होतो, दुसऱ्या एका गाडीच्या वेळी.

पोलाद असेल तर आणखी एक धोका, जो डोळ्यांना दिसत नाही. आम्लाच्या टाकीत आणि प्लेटिंगच्या वेळी हायड्रोजन तयार होतो आणि त्यातला काही पोलादात शिरतो. पोलाद जितकं कडक, तितकं ते ह्याने ठिसूळ होतं. वरून चकाचक, आणि एक दिवस भाराखाली कडकन तुटतं. उपाय साधा आहे: प्लेटिंग झाल्यावर लवकरात लवकर, साधारण चार तासांच्या आत, वस्तू भट्टीत १९० ते २२० अंश सेल्सिअसला काही तास तापवायची. हायड्रोजन निघून जातो. मऊ पोलादाला ह्याची तेवढी भीती नसते, पण तुमचं पोलाद किती कडक आहे हे तुम्हाला नक्की माहीत नसेल, तर विचारा. "भट्टीत तापवता का?" ह्या प्रश्नावर प्लेटिंगवाला गोंधळला, तर चाकाचा नट त्याला देऊ नका. बंपर द्या हवं तर.

ह्या वेळी मी कागदावर लिहून दिलं, आणि मोबाइलवर प्रत्येक नटाचे फोटो काढून त्याची प्रिंटही जोडली. आट्यांवर आणि आतल्या उतारावर काहीही चढवायचं नाही, ते भाग झाकायचे. ३० मायक्रॉन ऐकायला काही नाही, पण आट्यांच्या दोन्ही बाजूंना चढलं की नट हबवर अडकतो. आणि उतारावरचं क्रोम तर जास्त वाईट. तिथे प्रचंड दाब असतो, थर तडकून सुटला की त्याच्या जाडीएवढी ढील पडते. अक्षरांवर बफिंगचं चाक लावायचं नाही, तिथे हाताने. कानांच्या कडा भरून काढा, पण मूळचा आकार ठेवा, साबणाच्या वडीसारखे गोल करू नका. आणि आतल्या उघड्या कडेवर मी पंचने खूण केली: डाव्याला एक टिंब, उजव्याला दोन. बाहेरचं सगळं पुसलं गेलं तरी ही खूण राहील.

पैसे किती लागले? नवा सेट घेतला असता त्याहून बरेच जास्त. लपवत नाही.

आता तुमच्यापैकी काही जण व्हिडिओ बघून घरी बादलीत क्रोम करायचा विचार करत असतील. निकेलपर्यंतचं मी काही बोलत नाही, पण क्रोम नको. पारंपरिक क्रोमच्या टाकीत क्रोमिक आम्ल असतं, त्यातलं षट्संयुजी क्रोमियम कॅन्सर करतं, आणि टाकीतून उठणारी वाफ-तुषार थेट फुप्फुसात जातात. पोलादावर तांब्याचा पहिला थर द्यायला सायनाइडची टाकीही वापरतात. आणि काम झाल्यावर ते पाणी टाकणार कुठे? मोरीत? युरोपात ह्या क्रोमवर २०१७पासून परवान्याची सक्ती आली ती उगाच नाही. त्रिसंयुजी क्रोम हा कमी घातक पर्याय आता बराच वापरात आहे. त्याचा रंग जुन्या क्रोमपेक्षा कधीकधी जरासा गडद येतो, म्हणून जुनी गाडीवाले नाक मुरडतात. माझं मत विचाराल तर चारही नट एकाच पद्धतीने करून घ्या, शेजारी जुनं काही नसेल तर फरक फुटावरूनही कळत नाही.

बसवताना: खाचांना, आट्यांना आणि उताराला ग्रीस. चाक जमिनीपासून उचललेलं असतानाच नट ठोकायचा, म्हणजे चाक बरोबर मध्ये येऊन बसतं. हातोडा तांब्याचा किंवा कच्च्या कातड्याचा. एवढा खर्च करून आलेल्या क्रोमवर तांबंही डाग पाडतं, म्हणून काकांनी लाकडाच्या जाड फळीला कानांच्या आकाराची खाच पाडून एक पाना केलाय. फळी कानांवर बसवायची आणि हातोडा फळीवर मारायचा.

नट आले त्या संध्याकाळी आम्ही चारही चाकं बसवली. डावीकडची काकांनी, उजवीकडची मला दिली. मी फळी लावली, हातोडा उचलला, आणि थांबलो. नटावर स्वच्छ अक्षरात 'अन्डू' आणि बाण होता. तरी मी एकदा बॉनेट कुठे आहे ते बघितलं, डिकी कुठे आहे ते बघितलं.

"वरचा कान?" काका पलीकडून ओरडले.

"मागे, काका."

"मार मग."

(हातोड्याचा आवाज, तीन वेळा.)